दुसऱ्या पेटीचा आराम

शुक्रवार, १४ मे १९९९. धुळे.
नळ ५.५० ते ६.३५. दूध दीड लिटर. बारा वाजता पडवीत ४३ अंश. भुरीबाई कामाला आली नाही, तिच्या मुलीचे बाळंतपण. इंटरनेट : सकाळी ९.१० ला लागले. दुपारी २.४०, २.४६, २.५५ तिन्ही वेळा 'पासवर्ड चुकीचा'. पासवर्ड बरोबर होता. ३.२० ला कंपनीचे लोटन बोरसे आले. मॉडेम तपासला, दोष नाही. थालीपीठ खाल्ले. ४.५० ला गेले. सायंकाळी ६.१० ला लागले.

सुमनबाईंनी ही नोंद केली तेव्हा लोटन बोरसेच्या नोकरीचे सहा महिने भरायला सतरा दिवस उरले होते. एकतीस मेपर्यंत कामात खोट निघाली नाही, तर एक जूनला कायमचे पत्र, असे त्याला तोंडी सांगितले होते. त्या पत्रासाठी तो डिसेंबरपासून एकही रविवार घरी गेला नव्हता.

घर शिंदखेड्याला. बसस्टँडमागे पत्र्याच्या शेडमध्ये वडील जीवराम बोरसे जळालेल्या मोटारी नव्या तारेने भरून देत. आसपासच्या विहिरींवरच्या मोटारी उन्हाळ्यात जळायच्या आणि बैलगाडीत घालून जीवरामआबांच्या दारात यायच्या. घरात सदा व्हार्निशचा वास. लोटन तीन पोरांतला धाकटा. त्याने धुळ्याला डिप्लोमा केला, मग दोन वर्षे एका क्लासात मुलांना कॉम्प्युटर शिकवला. वरणगावच्या फॅक्टरीची लेखी परीक्षा तो दोनदा पास झाला आणि दोन्ही वेळा यादीत त्याचे नाव नव्हते. तिसऱ्यांदा अर्ज आणला तेव्हा आबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे रे भाऊ. मोटार काय वाईट शे?" लोटनने अर्ज भरला नाही, पण मोटारीलाही हात लावला नाही. मग जळगावला 'तापीलिंक' निघाली.

खाजगी कंपन्यांना इंटरनेट विकायची परवानगी नुकती मिळाली होती. जळगावच्या एका जुन्या जिनिंग फॅक्टरीच्या मालकाच्या मुलाला, रुपचंदशेठला, त्यात पुढचे दिवस दिसले. जिन बंद करून त्याने फॅक्टरीच्या कचेरीत वरच्या मजल्यावर एक खोली काचेने बंद केली, तिला एसी लावला आणि तिच्यात दोन मशीन ठेवल्या. धुळ्यात भाड्याच्या गाळ्यात मॉडेमचे कपाट बसवले आणि गाळ्यापासून जळगावपर्यंत टेलिफोन खात्याची स्वतंत्र लाइन घेतली. तेवढ्यावर दोन जिल्ह्यांची कंपनी उभी राहिली. लोटन रविवार, सोमवार, बुधवार, गुरुवार, शनिवार जळगावला आणि मंगळवार, शुक्रवार धुळ्याला.

जिनमधली सगळी माणसे रुपचंदशेठने घरी पाठवली. एक ठेवला तो तोताराम नाना. अमळनेरकडचा, साठीच्या आतबाहेरचा माणूस. एकतीस वर्षे जिनच्या मोटारींवर होता. आता त्याच्याकडे काचेच्या खोलीची किल्ली, झाडलोट आणि फॅक्टरीमागची राहायची एक खोली होती.

पहिल्याच आठवड्यात नाना चप्पल बाहेर काढून काचेच्या खोलीत आला होता. देवळात उभे राहावे तसा दोन मशीनांसमोर उभा राहिला.

"लोटनभाऊ, ह्या दोन पेट्या काय करतस रे?"

"नाना, ही पहिली पेटी दारवान शे. फोन उना का नाव इचारस, पासवर्ड इचारस. पण दारवानले काही याद ऱ्हात नही. बठ्ठी नावं दुसरी पेटीमा शेतस. ती त्यानी वही. दर खेपले तो वहीले इचारस, हाऊ आपला शे का? वही हो म्हने तवय दार उघडस."

"म्हंजे दारवान मी, नि वही रुपचंदशेठ."

दोघे हसले. नानाने एसीच्या वाऱ्यात हात धरून पाहिला.

"मन्हा घरमा पंखा नही, नि पेटीसले इतला थंडावा कसाले?"

लोटनला त्याला समजेल असे सांगायचे होते. मोटारवाल्याचा मुलगा, मोटारवाल्याशी बोलत होता.

"तापनी का बिघडस, नाना. मोटारसारखंच शे."

नानाने मान डोलावली. ते त्याला पुरते कळले. लोटनलाही बरे वाटले, की आपल्याला समजावून सांगता येते. त्या एका वाक्याने पुढे काय होईल, हे दोघांपैकी कोणाच्याही मनात आले नाही.

मार्च सरेपर्यंत सारे बरे चालले. एप्रिलच्या अखेरीस जळगावचा पारा पंचेचाळिसावर गेला आणि तक्रारी सुरू झाल्या. मॉडेम आवाज करी, फोन लागे, नाव-पासवर्ड टाकला की थोड्या वेळाने उत्तर येई : पासवर्ड चुकीचा. पुन्हा टाकला, पुन्हा चुकीचा. आणि मध्येच कोणाला लागूनही जाई. धुळ्याच्या एका डॉक्टरांनी फोनवरच लोटनला धारेवर धरले.

"चार महिने माझ्या कुत्र्याचं नाव पासवर्ड आहे. रोज हाक मारतो त्याला. मी विसरेन होय? तुमचं यंत्र मला खोटा म्हणतं?"

लोटनने धुळ्याची मॉडेमे एकेक काढून पाहिली. लाइन तपासून घेतली, तारा बदलल्या. दोष मिळेना, कारण तो जळगावला असे त्या दिवशी एकही तक्रार नसायची आणि धुळ्याहून सात वाजता परत येऊन पाही तेव्हा सगळ्यांचे सुरळीत लागत असायचे. रात्री जेवताना तो स्वतःशी हिशेब घाली आणि घास तसाच राही. रुपचंदशेठला मात्र कारण आधीच सापडले होते.

"कोणीतरी पासवर्ड विकतोय," तो म्हणाला. "एका नावावर एकालाच आत घेतो आपण. विकत घेणारा आधी घुसला की खरा मालक बाहेर. आणि सगळ्यांची नावं-पासवर्ड कोण भरतं रे, लोटन?"

"मीच भरतो. पण तसं असतं तर मशीन 'आधीच आत आहे' म्हणते, शेठ. चुकीचा म्हणत नाही."

"ते तू सांगतोस."

हे गमतीत म्हटले की खरेच, ते लोटनला कळले नाही.

चौदा मेच्या दुपारी तो सुमनबाईंच्या घरी गेला, तो असा सगळीकडून हरलेला. सुमनबाई सत्तरीच्या. यजमान रेल्वेत होते, ते जाऊन अकरा वर्षे झाली होती. लहानपणी त्या कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात राहिल्या होत्या. तिथली एक मैत्रीण ऑस्ट्रेलियात होती, तिची दृष्टी अधू झाली होती. सुमनबाईंची पत्रे आता तिची मुलगी पडद्यावर अक्षर मोठे करून तिला वाचायला देई. म्हणून हा सगळा खटाटोप.

लोटनने मॉडेम उघडून पुन्हा बंद केला. "यात काही नाही, अक्का. कदाचित तुमच्याकडूनच एखादं अक्षर..."

"लोटन, मी चुकते तेव्हा ते लगेच 'चुकीचा' म्हणतं," सुमनबाई म्हणाल्या. "दोनदा चुकले आहे मी, फेब्रुवारीत. थोबाडीत मारल्यासारखं पटकन उत्तर आलं. आता तसं नाही. आता ते अर्धा मिनिट गप्प बसतं आणि मग मला चुकीची ठरवतं."

लोटनच्या हातातला पेचकस थांबला. "अर्धा मिनिट? नक्की?"

"भिंतीवर घड्याळ आहे. डायरी काढू का?"

त्यांनी डायरी काढली. ती शाळेतल्या वहीएवढी, निळ्या पुठ्ठ्याची होती. त्यात रोजचा नळ, दूध, पारा, आणि इंटरनेटला लावलेला प्रत्येक फोन मिनिटासकट. लोटन खुर्चीच्या टोकावर बसून वाचत राहिला. सुमनबाईंनी तोवर थालीपीठ लावले. सकाळपासून त्याच्या पोटात काही नसावे, हे त्यांना त्याच्या तोंडाकडे बघून कळले होते. तो नको म्हणाला, मग दोन खाल्ली.

अर्ध्या मिनिटाचा अर्थ त्याच्या लक्षात आला होता. पासवर्ड खरेच चुकीचा असेल तर वही ताबडतोब नाही म्हणते. दारवान अर्धा मिनिट गप्प राहतो याचा अर्थ त्याने वहीला विचारले आणि वहीकडून काहीच आले नाही. वाट बघून थकला की तो समोरच्यालाच चुकीचा ठरवतो, कारण त्याला तेवढी दोनच उत्तरे देता येतात. 'मला विचारता आले नाही' असे म्हणायची सोयच त्या प्रोग्रॅममध्ये नव्हती.

त्या संध्याकाळी त्याने पहिल्या पेटीतली नोंद उघडून पाहिली. तसेच होते. दारवान वहीशी बारा धागे कायम जोडून ठेवी. दुपारी दीडनंतर ते बाराही धागे मेलेले असत. दारवानला ते कळत नसे, तो मेलेल्या धाग्यांतून विचारत राही. एकेक धागा बऱ्याच वेळाने नवा होई, म्हणून मध्येच कोणाला लागे, आणि सहा वाजेपर्यंत सगळे नवे झालेले असत. धागे का तुटतात, याचे उत्तर दुसऱ्या पेटीत होते. पण दुसऱ्या पेटीत ग्राहकांची बिले होती म्हणून तिचा पासवर्ड रुपचंदशेठने स्वतःकडे ठेवला होता.

"शेठ, दुसरी पेटी एकदा बघू द्या. दहा मिनिटं. तुम्ही बाजूला उभे राहा हवं तर."

"बिलांची मशीन आहे ती."

"मला बिलं बघायची नाहीत. ती बंद-चालू केव्हा झाली, एवढंच."

"चोवीस तास चालू असते ती. एसी काय हवा खायला लावलाय? उगीच दुसऱ्या पेटीवर ढकलू नकोस."

लोटन खोलीवर आला आणि सुमनबाईंच्या डायरीतून उतरवून आणलेल्या तारखा त्याने कॅलेंडरवर लावल्या. तीस एप्रिल शुक्रवार. चार मे मंगळवार. सात, शुक्रवार. अकरा, मंगळवार. चौदा, शुक्रवार. बाकी दिवशी एकदाही नाही. ही यादी कोणीही वाचली तर एकच नाव घेईल, आणि ते त्याचे स्वतःचे असेल. ज्या दिवशी लोटन बोरसे काचेच्या खोलीत नसतो, त्या दिवशी बिघाड होतो.

मग त्याने ते वाक्य पुन्हा मनात म्हटले. खोलीत लोटन नसतो. मग कोण असतो?

मंगळवारी, अठरा मेला, तो नेहमीसारखा धुळ्याच्या एसटीत बसला. पारोळ्याला उतरला आणि समोरून येणारी जळगावची गाडी धरली. पावणेदोनला कचेरीचा जिना चढला. काचेच्या खोलीबाहेर नानाची चप्पल होती.

आत दुसरी पेटी बंद होती. तिच्याखाली जमिनीवर ओले पोते पसरलेले. तोताराम नाना स्टुलावर बसून पुठ्ठ्याच्या तुकड्याने पेटीला वारा घालत होता, जपून, झोपलेल्या मुलाला घालावा तसा.

"नाना, हाई काय करी ऱ्हायनात?"

नाना दचकला नाही. उलट त्याचा चेहरा खुलला. "ऊना का? आराम दी ऱ्हायनू. अर्धा तास. ही दुसरी लई तापस रे, हात लावी देख. तू ऱ्हास तवय तू ध्यान देस. तू नही ऱ्हास तवय मी देस."

"कोनी सांगं तुम्हले?"

"तूच ना! मोटारसारखंच शे म्हने. मी एकतीस साल दीड वाजाले मोटारी बंद कऱ्यात. एक जळनी नही. बाजूना जिनमा दर साल दोन जळेत, तुन्हा बापकडे जायेत भराले."

लोटन दाराला टेकून खाली बसला. त्याला हसू आले नाही आणि रागही आला नाही. लहानपणी आबांच्या सांगण्यावरून विहिरीवरच्या मोटारींवर ओली पोती टाकणारा तोच होता. शेतकऱ्यांना "दुपारना आराम द्या हो" म्हणून सांगणारे आबा त्याला दिसले. सारे त्याच्याच घरातून निघाले होते.

त्याने नानाला समजावले. पेटी बंद झाली की बारा धागे तुटतात, पेटी पुन्हा चालू झाली तरी ते तसेच राहतात, आणि गावातली माणसे खोटी ठरतात. त्यात लोटन स्वतःही आला. हे ऐकताना नानाचा हातातला पुठ्ठा हळूहळू खाली आला.

"म्हंजे हाई मन्हामुळे व्हयनं?"

"तुम्हले माहीत नव्हतं, नाना. शेठले सांगाले पडी."

"मी सांगस," नाना घाईने म्हणाला. "तू नको सांगू. तुन्हा तोंडथून उनं तर चुगली व्हई. मन्हा तोंडथून उनं तर चूक व्हई. चूक माफ करतस."

लोटनला ते पटले. म्हातारा माणूस, त्याला त्याच्या मानाने सांगू द्यावे. त्याने दोन दिवस दिले. पुढे तो म्हणे, आयुष्यात मी कोणाला दोन दिवस उसने दिले असतील तर ते तोताराम नानाला, आणि त्याने ते परत केले नाहीत.

बुधवारी नाना रुपचंदशेठच्या दारापर्यंत तीनदा गेला आणि तीनदा पाणी ठेवून परत आला. त्याच दिवशी धुळ्याच्या सगळ्या ग्राहकांच्या हातात कंपनीचे छापील पत्र पडले. 'एका कर्मचाऱ्याकडून पासवर्डचा गैरवापर होत असल्याचे दिसून आले असून चौकशी सुरू आहे. झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.' पत्र सुमनबाईंनाही मिळाले. कर्मचारी धुळ्याला एकच येतो हे त्यांना ठाऊक होते. गुरुवारी सकाळी सातच्या एसटीने, निळी डायरी कापडी पिशवीत घालून, त्या जळगावला आल्या. डायरी घराबाहेर पडायची ती पहिलीच वेळ होती.

रुपचंदशेठने त्यांना खुर्ची दिली, सरबत मागवले. सरबत नानाच घेऊन आला आणि दाराशी थांबला. लोटन भिंतीजवळ उभा होता.

"हा मुलगा पासवर्ड विकत नाही," सुमनबाई म्हणाल्या. "बिघाड तुमच्या मशीनमध्ये आहे. त्याची प्रत्येक वेळ माझ्याकडे लिहिलेली आहे. बघा."

रुपचंदशेठने डायरी घेतली. त्याला वाचायची घाई नव्हती. बोट फिरवत फिरवत त्याने तारखा कागदावर काढल्या आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिले.

"मंगळवार, शुक्रवार, मंगळवार, शुक्रवार. लोटन, मंगळवारी-शुक्रवारी तू कुठं असतोस?"

"धुळ्याला."

"आणि तक्रारी कुठल्या?"

"धुळ्याच्या. पण शेठ, जळगावला दुपारी लावणारं आहे कोण? बाजार झोपलेला असतो. इथंही तसंच होत असणार."

"हो का? आणि हे काय, बाई? 'थालीपीठ खाल्ले. ४.५० ला गेले.' तीन-वीस ते चार-पन्नास. दीड तास! कंपनीच्या वेळात जेवणावळ?" तो लोटनकडे वळला. "चांगलं होतं का रे? दही होतं बरोबर?"

"मी आग्रह केला म्हणून खाल्लं त्यानं," सुमनबाई म्हणाल्या. "त्या दीड तासात त्यानं तुमचा बिघाड शोधला."

"आग्रह केल्याचं तर इथं लिहिलेलं नाही."

ते खरे होते. सुमनबाईंनी काय घडले तेवढेच लिहिले होते, का घडले ते लिहिले नव्हते.

तेव्हा लोटनने नानाकडे पाहिले. "नाना, सांगा."

नाना रिकाम्या ट्रेकडे बघत होता. रुपचंदशेठने विचारले, "काय सांगायचं आहे, तोताराम?"

"काही नही, शेठ. मी तं खोलीमा झाडाले जास. पेटीले हात लावत नही. माले काय समजस त्यामा?"

लोटन एवढेच म्हणाला, "शेठ, दुसऱ्या पेटीत लिहिलेलं असेल. ती स्वतः लिहिते, केव्हा बंद झाली, केव्हा चालू झाली. पासवर्ड तुमच्याकडे आहे. तुम्ही एकटे बघा. त्यात नसेल तर मी आत्ता निघतो."

रुपचंदशेठ उठून काचेच्या खोलीत गेला. बाहेरून त्याची पाठ दिसत होती. तो दहा मिनिटे पडद्यासमोर होता. त्यातली शेवटची पाच तो काही दाबत नव्हता, नुसता बसला होता. बाहेर आला तो चष्मा पुसत.

"काही नाही त्यात," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी इलेक्ट्रिशियन आला. त्याने दुसऱ्या पेटीशेजारचे बटण काढले, वायर सरळ जोडली आणि वर लाकडी फळी ठोकली. काचेच्या खोलीची किल्ली नानाच्या कनवटीहून रुपचंदशेठच्या टेबलाच्या खणात गेली. लोटनने शनिवारी ते पाहिले आणि त्याला समजायचे ते समजले. शेठने वाचले होते. पण छापील पत्र दोनशे घरांत पोचले होते. आपल्या बापाचा जुना माणूस दर मंगळवारी-शुक्रवारी दुपारी मशीन बंद करून तिला वारा घालत होता हे कोणाला सांगणार? त्यापेक्षा चोर पकडला, हे सांगायला बरे होते.

त्या शुक्रवारी बिघाड झाला नाही. पुढच्या मंगळवारीही नाही. कचेरीत आणि गावात सगळे म्हणू लागले, पकडल्याबरोबर कसे थांबले बघा. डॉक्टरांनी लोटनला फोन करून सांगितले, "कुत्र्याचं नाव पुन्हा चालायला लागलं बरं का, बोरसे. विकत घेणारा कंटाळला वाटतं."

एकतीस मेला त्याला दोन कागद मिळाले. एक, उद्यापासून येऊ नये. दुसरा, अनुभवाचे पत्र. त्यात त्याने कोणकोणती कामे केली ते नीट लिहिले होते आणि शेवटी एक ओळ : 'ग्राहकांच्या पासवर्डबाबत तक्रारी आल्याने सेवा पुढे चालू ठेवली नाही.' लोटनने विचारले, ही ओळ काढता येईल का? रुपचंदशेठ म्हणाला, तक्रारी आल्या नव्हत्या का?

स्टँडवर नाना आला. हातात काही नव्हते. थोड्या अंतरावर उभा राहिला, मग जवळ आला.

"तू शिकेल शे रे. तुले कोठे बी भेटी. माले ह्या उमरमा कोन ठेवी? ती खोली बी गयी असती."

लोटन गाडीची पाटी वाचत राहिला.

"माले शिव्या दे, पन बोल."

"नाना, आते पेटीले आराम भेटत नही ना?"

"नही. बटनच काढी टाकं."

"मंग तापी ती," लोटन म्हणाला आणि गाडीत चढला.

जूनमध्ये नाशिकच्या एका कंपनीने त्याला बोलावले. काम तेच, दारवान आणि वहीचे. तांत्रिक प्रश्नांची उत्तरे त्याने अशी दिली की समोरच्या माणसाने खुर्ची पुढे ओढली. मग अनुभवाचे पत्र वाचले गेले. खुर्ची मागे गेली. "कळवू तुम्हाला," तो म्हणाला. पासवर्ड सांभाळायचे काम, आणि कागदावर ती ओळ. मी त्याच्या जागी असतो तर मीही कळवले नसते, असे लोटन नंतर म्हणाला.

परतताना तो धुळ्याला उतरला आणि सुमनबाईंकडे गेला. पिशवी दारातच ठेवली. त्यांनी विचारायच्या आत नाही म्हणून मान हलवली.

"आबांकडे जातो, अक्का. पावसाच्या तोंडावर मोटारी फार येतात भरायला. ते एकटे पडलेत."

"मी लिहून देते तुला. माझ्या सहीनं. जे मी पाहिलं ते सगळं."

"तुमच्या सहीला कोण विचारतं, अक्का?" तो कडूपणाने बोलला नाही, पण ते कडूच होते. मग म्हणाला, "एक विचारू? थालीपीठ का लिहिलंत?"

"खाल्लंस म्हणून."

"हं," तो म्हणाला.

त्या थाळी घेऊन आल्या. तो उठला, त्यांच्या पाया पडला आणि थाळीकडे न बघता पिशवी उचलून बाहेर पडला. कोपऱ्यावर शिंदखेड्याची जीप भरत होती. मागच्या बाजूला एक जळालेली मोटार पोत्यात बांधून ठेवलेली होती, तिच्याशेजारी त्याला जागा मिळाली.

त्या संध्याकाळची सुमनबाईंची नोंद अशी आहे :

शुक्रवार, ११ जून १९९९. धुळे.
नळ ६.०५ ते ६.३०. दूध दीड लिटर. बारा वाजता ३९ अंश. इंटरनेट : दुपारी २.४० ला पहिल्याच खेपेस लागले. ३.१५ ला लोटन बोरसे आले. नाशिकची नोकरी झाली नाही. आग्रह केला, काही खाल्ले नाही. ३.४० ला गेले. माठ बुडाशी गळू लागला, पाणी पितळी कळशीत काढून ठेवले.